टोकन देण्याआधी: पुण्यातल्या भाड्याच्या घराबद्दल वाचकांचे प्रश्न

मे-जूनमध्ये कॉलेजं आणि नव्या नोकऱ्या बरोबरच सुरू होतात आणि पुण्यात घर शोधणाऱ्यांची गर्दी उसळते. या वेळची बहुतेक पत्रं त्याच घाईत लिहिलेली आहेत. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न: मुलाला हिंजवडीत नोकरी लागली. वाकडला वन बीएचके बघितला, भाडं 18 हजार, डिपॉझिट 60 हजार. एजंट म्हणतो, अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही, 500 च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो. चालेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर: नाही चालणार. अकरा महिन्यांची ही समजूत 1908 च्या नोंदणी कायद्यातून आली आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणीची सक्ती नाही. महाराष्ट्रात मात्र 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, आणि त्याच्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा नेहमीचा भाडेकरार) लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला आणि करार नोंदवलेला नसला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करेपर्यंत. एवढं शांतपणे कानावर घातलं की बरेच मालक स्वतःहून नोंदणीला तयार होतात.

खर्चाचा बाऊ एजंट करतात, तेवढा तो नाही. तुमचाच हिशोब मांडू. 18,000 गुणिले 11 म्हणजे 1,98,000. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी व्याज धरतात. 60 हजारांवर अकरा महिन्यांचं ते 5,500. बेरीज 2,03,500, त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे 509 रुपये, वरच्या शंभरात नेलं तरी सहाशे. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर हाताळणी शुल्क आणि ठसे घ्यायचं मशीन घेऊन घरी येणाऱ्याची मजुरी. एजंटने 'रजिस्ट्रेशनचे' म्हणून एकच मोठा आकडा सांगितला, तर त्यातलं सरकारी किती आणि त्याचं किती, हे वेगळं लिहून मागा. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायची पद्धत आहे, पण तेही आधी ठरवा.

मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार अशा चौघांचं आधार लागतं, अंगठ्याचा ठसा आणि फोटो होतो. घोळ होतो तो इथेच. कुणीतरी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलेलं असतं आणि मशीन ठसा नाकारतं. आदल्या दिवशी अनलॉक करून ठेवा. वयस्कर मालकांचे ठसे झिजलेले असतात, त्यांची दहाही बोटं लावून बघावी लागतात. आधार आणि पॅनवरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी अडचण येते. सही करण्याआधी मसुदा मागून घ्या आणि फ्लॅट नंबर, मजला, डिपॉझिटचा आकडा, सुरुवातीची तारीख एवढं तरी स्वतः ताडून बघा. नोंदणी झाली की नोंदणी क्रमांक असलेली प्रत आणि इंडेक्स-2 (नोंदणी कार्यालयाचा उतारा) हातात पडतं. गॅस, पासपोर्ट अशा कामांना हाच पत्त्याचा पुरावा चालतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम असतं. वाकड हे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतं, पुण्याच्या नाही. अर्ज तिकडेच भरला आहे ना, हे विचारा.

प्रश्न: विमाननगरचा टू बीएचके 14 हजारांत, अशी जाहिरात ऑनलाइन दिसली. मालक सैन्यात आहे, बदली झाल्यामुळे देतोय म्हणतो. घर बघायला गेटपास लागतो, त्याचे 2,000 आधी पाठवा, नंतर भाड्यात वळते करू, असं सांगतो. (एक वाचक, परभणी)

उत्तर: एक रुपयाही पाठवू नका. त्या भागात त्या भाड्यात टू बीएचके मिळत नाही, आणि घर बघायला पैसे लागत नाहीत. पुढची पायरीही ठरलेली असते: 'आमच्या खात्यातून परत पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका.' पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जाणारच. गेलेच असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला त्यानंतर.

खरा मालक ओळखायला तीन कागद पुरतात: ताजं वीजबिल, महापालिकेचं कराचं बिल, आणि इंडेक्स-2 किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. शक्यतो तिन्हींवर एकच नाव हवं. वीजबिल बऱ्याचदा बिल्डरच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर राहिलेलं असतं, त्यामुळे त्या एकट्यावर विसंबू नका. मालकाच्या वतीने भाऊ किंवा मेहुणा सही करणार असेल, तर कुलमुखत्यारपत्र बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

प्रश्न: घर बघताना नेमकं काय बघायचं? आम्ही रविवारी येऊन एका दिवसात पाच-सहा घरं बघणार आहोत. (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर: रविवारी पुणं फसवं असतं. ज्या रस्त्याने ऑफिसला जायचं, तिथून सोमवारी सकाळी नऊला एकदा जाऊन बघा. नकाशावर सहा किलोमीटर दिसणारी वाट तेव्हा पाऊण तासाची होते. त्यामुळे सहा घरं बघण्यापेक्षा तीनच बघा, पण एक रात्र मुक्काम करा.

घरात शिरल्यावर टाइल्स आणि मॉड्युलर किचन नंतर. आधी पाणी. महापालिकेचं येतं का, किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा वाटून घेतात? हे मालकाला नको, वॉचमनला विचारा. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांमध्ये हा खर्च मेंटेनन्सइतकाही होऊ शकतो. नळाच्या तोंडाशी आणि गिझरच्या जोडावर पांढरा थर दिसला तर पाणी बहुधा बोअरचं आहे. पिण्याचा नळ वेगळा आहे का ते बघा, नाहीतर फिल्टरचा खर्च धरा.

मग ओल. सगळ्यात वरचा मजला किंवा पश्चिमेची भिंत असेल तर कपाटाच्या मागे हात लावून बघा. एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर तो का लावला, ते विचारायला लाजू नका. मे महिन्यात सगळीच घरं कोरडी असतात.

वीज मीटर स्वतंत्र हवा. बंगल्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतात. दोन बिऱ्हाडांचा एकच मीटर असला की दोघांचे मिळून युनिट वरच्या टप्प्यात जातात, आणि 90 युनिट वापरणाऱ्यालाही महाग दर पडतो. सबमीटर असेल तर युनिटचा दर करारात लिहून घ्या.

बाकी, पार्किंगचा नंबर लेखी हवा, तोंडी 'कुठेही लावा' नको. आणि बेडरूमचं दार लावून एक फोन करून बघा. नव्या इमारतींमध्ये नेटवर्क हॉलपर्यंतच येतं.

प्रश्न: घर सोडताना मालकाने रंगकाम आणि सफाईचे म्हणून एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं. करारात तसं काही नव्हतं. पैसे मिळेपर्यंत चावी द्यायची नाही, असं मित्र म्हणतात. (एक वाचक, नगर)

उत्तर: मुदत संपल्यावर चावी अडवून बसायचा सल्ला मित्रांचा असला तरी धोक्याचा आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याकडून दुप्पट भाड्याने भरपाई घेता येते. पैसे मागायची तुमची बाजू बळकट आहे, ती अशी कमकुवत करू नका.

आता करायचं ते असं. कापलेल्या रकमेचा तपशील आणि रंगाऱ्याचं बिल लेखी मागा, ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस. रक्कम 15-20 हजारांची असेल तर कोर्टापर्यंत जाणं परवडत नाही, हे मालकालाही ठाऊक असतं. पण नोटीस आली की बरेच जण तडजोडीला येतात.

इतरांनी यातून घ्यायचं ते सुरुवातीलाच घ्यायचं. राहायला जाण्याच्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: भिंती, बेसिन, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या, वीज आणि पाइप गॅसच्या मीटरचा आकडा. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. फोनमध्ये नुसता पडून राहिलेला व्हिडिओ वर्षभराने फारसा कामाचा राहत नाही. करारात रंगकामाचा आकडा ठरवून लिहा, 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' नको. डिपॉझिट चावीबरोबरच, त्याच दिवशी परत, हे वाक्यही हवं. लॉक-इन (म्हणजे घर सोडता येत नाही असा सुरुवातीचा काळ) किती महिने आणि नोटीस किती, हे दोन वेगळे मुद्दे आहेत. सहा महिन्यांचं लॉक-इन असताना चौथ्या महिन्यात एक महिन्याची नोटीस दिली, तरी उरलेल्या काळाचं भाडं मागितलं जातं.

प्रश्न: सोसायटीचे सेक्रेटरी दरमहा 'भाडेकरू शुल्क' मागतात. ते आम्ही द्यायचं का? (एक वाचक, कराड)

उत्तर: सहकारी गृहनिर्माण सोसायटीला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की घेतलं जाणारं) घेता येतं, पण 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, आणि ते द्यायचं सभासदाने, म्हणजे घरमालकाने. मालकाने ते तुमच्याकडून वसूल करायचं ठरवलंच असेल, तर ते भाड्यातच धरलेलं बरं. सेक्रेटरींशी वाद मालकाला घालू दे.

प्रश्न: घरमालक अमेरिकेत आहेत, भाडं त्यांच्या इथल्या खात्यात भरायचं आहे. काही वेगळं करावं लागतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: लागतं, आणि बहुतेक भाडेकरूंना ते माहीत नसतं. मालक करासाठी अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूने 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के कर, भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा असतो. निवासी मालकाच्या बाबतीत सर्वसाधारण भाडेकरूला महिना 50 हजारांच्या पुढेच कपात लागते, तीही 2 टक्के. अनिवासी मालकाकडे कमी दराचं आयकर खात्याचं प्रमाणपत्र असेल तर त्या दराने कापा. मालकाचा करविषयक दर्जा टोकन देण्याआधीच विचारून घ्या आणि सीएंना दाखवा. नंतर हिशोब जुळवताना भुर्दंड भाडेकरूवर येतो.