काटा, कूलर आणि राणीछाप रुपया

प्रश्न : राणीछाप, राजाछाप रुपये जमवतो. वजनासाठी ०.०१ ग्रॅमचा काटा घ्यावा की ०.००१ चा? सध्याच्या काट्यावर तोच रुपया कधी ११.५८ भरतो, कधी ११.६४.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : रुपयासाठी ०.०१ पुरे. १८३५ नंतरचा ईस्ट इंडिया कंपनीचा आणि राणी-राजांचा चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. अधेली (अर्धा रुपया) ५.८३, पावली (पाव रुपया) २.९२, दोन आणे १.४६. वापरून गुळगुळीत झालेला रुपया ११.४ ते ११.५ भरला तर त्यात नवल नाही. झीजच जिथे शतांशांत आहे, तिथे सहस्रांश मोजून हाती काही लागत नाही.

तुमची अडचण दशांशस्थळांची नाहीच. ६० मिलिग्रॅमचा फरक म्हणजे काटा स्थिर नाही. आधी कूलर बंद करा. त्याचा झोत थेट पाटीवर येतो, टेबलही थरथरतं, पंख्याचंही तेच. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून तापून आलेला काटा लगेच वापरू नका, अर्धा तास खोलीत राहू द्या. सेल उतरले असतील तरी आकडा सरकत राहतो.

एवढं करूनही आकडा हलला तर एक रुपया पाटीच्या मधोमध दहा वेळा ठेवा-उचला आणि आकडे लिहून काढा. कमी-जास्तीत ०.०२ पेक्षा अधिक फरक पडला तर काटा बदला. मग तोच रुपया चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. कोपऱ्यात आकडा बदलत असेल तर लोडसेल, म्हणजे पाटीखालचा वजन जाणणारा भाग, वाकलेला असू शकतो, बहुधा कोणीतरी पाटीवर बोट दाबून ‘चालतो का’ बघितलेलं असतं. नवा काटा घेताना या दोन्ही चाचण्या दुकानातच करा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

सोबत १०० ग्रॅमचं एम१ वर्गाचं प्रमाणित वजन घ्या. त्यात चूक जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅमची असते. ते बोटांनी नको, चिमट्याने उचला. काट्याचा आकडा याच वजनाशी जुळवून घ्यायचा, यालाच कॅलिब्रेशन म्हणतात; ते चलनी नाण्यांनी करू नका. ९ ग्रॅमचं जुनं पाच रुपयांचं नाणं छापील आकड्याइतकंच भरेल याची हमी नसते आणि तीच चूक पुढच्या प्रत्येक वजनात उतरते. क्षमता २०० ग्रॅमची घ्या. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : वजन बरोबर ११.६६ आलं म्हणजे रुपया अस्सल आणि चांदीचा समजायचा का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. १९४० ते १९४५ चे रुपयेही ११.६६ ग्रॅमचेच, पण त्यांत चांदी ५० टक्के; त्याआधीच्या रुपयांत ९१.७ टक्के. बनावट नाणंही थोडं जाड ओतून वजनाला जुळवता येतं. म्हणून घनता काढा.

प्लास्टिकच्या ग्लासात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि आकडा शून्यावर आणणारं टेअरचं बटन दाबा. ग्लास आणि पाणी काट्याच्या क्षमतेत बसायला हवं, म्हणून २०० ग्रॅम म्हटलं. आता नाणं बारीक धाग्याने पाण्यात अधांतरी सोडा. पूर्ण बुडावं, पण तळाला किंवा कडेला टेकू नये. टेकलं की नाण्याचा भारही आकड्यात मिसळतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. नाण्याला बुडबुडे चिकटले की आकडा वाढतो आणि खरा रुपया खोटा ठरतो.

नाणं पाण्यात असताना काटा जो आकडा दाखवेल, त्याने कोरडं वजन भागा. ११.६६ चा रुपया १.१३ दाखवेल, म्हणजे घनता १०.३ : जुनी चांदी. १.२२ आलं तर साधारण ९.५, पन्नास टक्क्यांची. १.३४ आलं तर ८.७, जर्मन सिल्व्हरचा (नावात चांदी, पण चांदी नसलेला मिश्रधातू) संशय घ्या. एका शतांशाची चूक इथे घनतेत ०.१ ने उतरते, ती चालते. दोन आण्यांवर हा प्रयोग याच काट्याने करू नका. तिथे सगळा आकडाच ०.१४ चा असतो; शतांशाची चूक सात टक्क्यांवर जाते.

प्रश्न : याच काट्यावर वजन करून चांदीची नाणी विकली तर?
— एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : घरच्या नोंदींसाठी ठीक. वजनावर पैसे घ्यायचे तर वैधमापन विभागाची पडताळणी मुद्रा असलेला काटाच लागतो. खिशातल्या काट्यावर सहसा ती नसते. इतवारीच्या सराफाकडे मुद्रांकित काट्यावर वजन करून घ्या आणि तुमचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा.