एमजीबी घ्यायचीय? बॉनेट नंतर उघडा, आधी खाली वाका

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही रेडिंगला असतो. मुलगी युनिव्हर्सिटीला गेली, घर शांत झालं आणि माझ्या डोक्यात एमजीबी रोडस्टर (ती जुनी ब्रिटिश, उघड्या छपराची स्पोर्ट्स कार) घ्यायचं खूळ शिरलंय. परवा एक बघून आलो, १९७२ ची, लाल, क्रोम बंपरवाली. विकणारा म्हणतो फुल्ली रिस्टोअर्ड आहे, इंजिन सेल्फ मारल्या मारल्या चालू झालं, एक चक्कर पण मारली, मजा आली. किंमत जास्त वाटते पण गाडी चकाचक आहे. बायको म्हणते लाल रंग बघून पैसे टाकू नकोस. काय करू?
एक वाचक, रेडिंग

उत्तर: वहिनी बरोबर बोलतायत, त्यांना पुढच्या वेळी सोबत घेऊन जा.

अहो इंजिन मस्त चालतं ही एमजीबीत सगळ्यात शेवटी विचारायची गोष्ट. १७९८ सीसीचं ते बी-सिरीज इंजिन, वर दोन एसयू कार्ब्युरेटर, इतकं साधं प्रकरण आहे की घरच्या गॅरेजमध्ये उघडता येतं, आणि १९६२ ते १९८० मध्ये या गाड्या (पक्क्या छपराची जीटी धरून) पाच लाखांच्या वर बनल्या त्यामुळे आजही ब्रिटनमध्ये हिचा जवळपास प्रत्येक पार्ट नवा कोरा घरपोच मिळतो. इंजिन गेलं तर बसवता येतं हो. पत्रा गेला की घर विकायची वेळ येते.

कारण असं की हिच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती, एमजीबीला नाही, बॉडी हीच चासी. त्यात रोडस्टरला वर छप्पर नाही म्हणजे गाडीचा सगळा ताण दाराखालच्या सिलवर. आणि ती सिल म्हणजे एक पत्रा नाही, बाहेरचा एक, आतला एक, दोघांच्या मधे उभा एक आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, असा बंद डबाच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते पाणी त्या डब्यात शिरलं की बाहेर पडत नाही, आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणजे बाहेरून फोड दिसेपर्यंत आतलं सगळं खलास झालेलं असतं.

आता नीट काम करायचं तर पुढच्या आणि मागच्या विंगचा (चाकांवरचा बाजूचा पत्रा) खालचा भाग कापावा लागतो, कारण सिल त्यांच्या खालून जाते. हे वेळखाऊ आणि महाग. म्हणून काही महाभाग काय करतात, गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून वेल्ड मारतात, वर लांबी (खड्डे बुजवायचा लगदा, फिलर) भरतात, लाल रंग मारतात आणि जाहिरातीत लिहितात फुल्ली रिस्टोअर्ड. मला तर असल्या चकाचक गाडीपेक्षा रंग उडालेली, फाटक्या सीटची पण खरा पत्रा दिसणारी गाडी कधीही जास्त आवडते, निदान ती खोटं बोलत नाही.

तर परत जाल तेव्हा छत खाली करून सपाट जागेवर उभी करायला सांगा आणि दाराच्या मागच्या कडेची फट बघा. वर बारीक आणि खाली रुंद दिसली तर गाडी मधून वाकलीय. मग मालकाला सांगा जॅकिंग पॉइंटला जॅक लावून एक बाजू जराशी उचला (तुम्ही खाली शिरायचं नाही, बाजूला उभं राहून बघायचं). उचलताना कर्रकर्र आवाज आला, किंवा उचलल्यावर दार लागेना, उघडेना, तर चहा पिऊन घरी या. मालक जॅक लावायलाच नको म्हणाला तर चहा पण नको. एक साधं लोहचुंबक रुमालात गुंडाळून मागच्या चाकापुढे विंगचा खालचा कोपरा आहे तिथे फिरवा, आणि पुढच्या विंगच्या खालच्या भागावर पण. चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, लांबी आहे. सीटच्या मागे बॅटरीचं झाकण असतं ते उघडून बॅटऱ्यांखालचा पत्रा बघा, ही जागा कोणी रंगवत बसत नाही म्हणून तिथे खरं कळतं.

आणि मुख्य म्हणजे काम चालू असतानाचे फोटो मागा. ज्याने खरंच सिल कापून नव्या घातल्या त्याच्याकडे ढीगभर फोटो असतात, न विचारता दाखवतो, जेवायची वेळ झाली तरी थांबत नाही. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साच्यांवरून एमजीबीची अख्खी बॉडी नवी बनवायला सुरुवात केली, त्यावर उभी केलेली गाडी असेल तर किंमत जास्त असणं बरोबर आहे, पण बिल हातात बघा.

एवढ्यातून पास झाली की मग बाकीचं. इंजिन गरम झाल्यावर चालवताना ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या आसपास असावं. खाली थोडं तेल टपकणारच, एकही थेंब नसेल तर आधी डिपस्टिक बघा! तारेची चाकं असतील तर क्लच सोडताना मागून टक्क आवाज येतो का ऐका, येत असेल तर चाकाच्या आतल्या खाचा झिजल्या असण्याची शक्यता. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन निवांत फिरावं म्हणून असलेला जादा गिअर) असेल तर तो खरंच लागतो का हे रस्त्यावरच बघा, नुसतं बटण आहे म्हणून खूश होऊ नका.

प्रश्न: चाळीस वर्षांच्या पुढच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) पण नाही असं ऐकलं, मग अलीकडची सेकंडहँड गाडी घेण्यापेक्षा हेच स्वस्त नाही का? आणि रबर बंपरवाली घेतली तर चालेल का, ती बरीच कमी किमतीत मिळतेय.
एक वाचक, कॉव्हेंट्री

उत्तर: टॅक्स शून्य हे खरं, पण दरवर्षी टॅक्स भरल्याची नोंद मात्र करावी लागते, शून्य पौंडाची. हिस्टॉरिक वर्गात नोंद झाली की लंडनच्या युलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा, आकारही लागत नाही. एमओटीची सक्ती मे २०१८ पासून गेली, गाडीत गेल्या ३० वर्षांत मोठा बदल केलेला नसेल तर. पण सक्ती नाही म्हणजे करूच नये असं थोडंच आहे? विकणाऱ्याला सांगा नवीन एमओटी करून दे, पैसे हवे तर मी देतो. जो कां कूं करेल त्याचं उत्तर मिळालं. जुन्या एमओटीचा इतिहास गाडीच्या नंबरवरून सरकारी साइटवर फुकट दिसतो, त्यात "करोजन" (गंज) हा शब्द किती वेळा आलाय आणि नंतर अचानक २०१८ ला नोंदीच बंद झाल्यात का ते बघा. स्वस्त म्हणाल तर नाही हो, वाचलेला टॅक्स गॅरेजवाला घेतोच.

रबर बंपर चालेल, का नाही चालणार. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ च्या शेवटी ते काळे बंपर आले आणि गाडी दीडेक इंच उंच केली, त्यामुळे वळणावर जास्त झुकते, लोक नाकं मुरडतात, म्हणून स्वस्त. सस्पेन्शनचं काम करून घेतलं की बऱ्यापैकी ताळ्यावर येते, आणि चालवताना बंपर तुम्हाला दिसतोय कुठे? तोच पैसा चांगल्या पत्र्यात घाला. फक्त एक सांभाळा, बरेच जण रबर काढून क्रोम लावतात आणि क्रोमच्या भावात विकतात. मूळ नंबर प्लेटच्या शेवटच्या अक्षरावरून नोंदणीचं वर्ष कळतं, ते पी, आर, एस, टी किंवा व्ही असेल आणि बंपर क्रोमचा असेल तर तो नंतर लावलेला, त्याच भावात बोला.

प्रश्न: घेतलीच तर पेट्रोल कुठलं घालायचं? पंपावर ई-१० लिहिलेलं असतं.
तेच, कॉव्हेंट्री

उत्तर: ई-१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) नको, महागडं सुपरवालं ई-५ (५ टक्क्यांपर्यंत) घाला. इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होतात, आणि पेट्रोलचा पाइप फुटून गरम एक्झॉस्टवर सांडला तर काय होईल ते सांगायला नको. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ते पाइप नवे टाका, थोडक्यात होणारं काम आहे. शिसं असलेलं पेट्रोल २००० पासून बंद आहे आणि शिशाशिवाय जुन्या मऊ व्हॉल्व्ह सीट झिजतात, त्यामुळे हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का ते मालकाला विचारा, नसतील तर टाकीत ॲडिटिव्ह घालत चला. आणि इन्शुरन्स काढताना ॲग्रीड व्हॅल्यूचा (गाडीची किंमत आधीच ठरवलेला) काढा, नाहीतर ठोकली गेली की कंपनी पन्नास वर्षं जुन्या गाडीचे किती देईल ते ऐकून घरचे पुढची गाडी घेऊ देणार नाहीत.