मॅक्सीन अँटेना करायचाय ना, मग आधी आरएफ पक्कं कर

ताई, तुझं पत्र नीट वाचलं. तू अमळनेरची, जळगावला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला, फायनल इयरला मॅक्सीनचा, म्हणजे धातूसारखा करंट वाहून नेणाऱ्या अतिपातळ थरांच्या मटेरियलचा, अँटेना करायचाय, आणि घरचे म्हणतात पुण्याला जाऊन सॉफ्टवेअरचा कोर्स लाव. वडिलांचा एकच प्रश्न, ‘पन नोकरी भेटी का?’

प्रश्न रास्त आहे. नुसत्या मॅक्सीनच्या नावावर आपल्याकडे नोकऱ्या नाहीत, ते अजून बरंचसं रिसर्च लॅबमध्येच आहे. पण आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींचं इंजिनिअरिंग, येणाऱ्या माणसाला रडार, सॅटेलाइट, मोबाईल नेटवर्क सगळीकडे काम आहे, आणि खरं आरएफ येणारी पोरं कमी असतात. म्हणून करिअर आरएफमध्ये कर, मटेरियल ही त्यातली तुझी खासियत ठेव, उलटं करू नकोस.

आता तुझ्या आवडीचं. मॅक्सीन २०११ ला अमेरिकेत ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत सापडलं, पाण्यात मिसळून शाईसारखं फवारता येतं, आणि २०१८ ला तिथल्याच लोकांनी असे फवारलेले अँटेना करून दाखवले. मस्तच आहे ते, पण स्किन डेप्थ, म्हणजे करंट पृष्ठभागापासून किती खोलपर्यंत वाहतो ते, विसरू नकोस. २.४ गिगाहर्ट्झला तांब्यात करंट वरच्या साधारण १.३ मायक्रॉनमध्येच वाहतो, मॅक्सीनची कंडक्टिव्हिटी तांब्यापेक्षा कितीतरी कमी म्हणून तिथे हाच आकडा १० मायक्रॉनच्या आसपास जातो. म्हणजे थर फार पातळ केला की रेझिस्टन्स वाढतो आणि पॉवर उष्णतेत जाते. आणि इथेच पोरं फसतात बघ, एस-वन-वन, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप, छान खाली गेला की खूश, पण लॉसी अँटेनाचाही एस-वन-वन छान दिसतो, कारण पॉवर परत येत नाही, आतच जिरते! एफिशियन्सी (दिलेल्या पॉवरपैकी किती बाहेर जाते) आणि गेन (एका दिशेला किती जोरात जाते) बघितल्याशिवाय अँटेना चांगला म्हणायचाच नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, कॉलेजच्या लॅबमध्ये मॅक्सीन बनवायला जाऊ नकोस. ते ज्या पदार्थापासून बनवतात त्यातलं ॲल्युमिनियम काढायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं, ते कातडीतून आत जातं आणि शरीरातलं कॅल्शियम खातं, सुरुवातीला दुखतही नाही. लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची ‘सेफ’ पद्धत व्हिडिओत दाखवतात, त्यातही तेच ॲसिड तयार होतं.

त्यापेक्षा असं कर. एफआर-फोरवर, म्हणजे नेहमीच्या सर्किट बोर्डावर, २.४५ गिगाहर्ट्झचा साधा पॅच, म्हणजे सपाट चौकोनी अँटेना, बनव, अंदाजे ३८ बाय २९ मिलिमीटर. ओपनईएमएस हे अँटेना सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात तोच पॅच आधी तांब्याचा आणि मग मॅक्सीनच्या कंडक्टिव्हिटीने १, ३, ८ मायक्रॉन जाडीचा घेऊन एफिशियन्सी किती पडते त्याचा ग्राफ काढ. तांब्याचा अँटेना स्वतः सोल्डर कर, आणि जिथे व्हीएनए, म्हणजे एस-वन-वन मोजायचं यंत्र, असेल तिथे परवानगी काढून मोजून ये. कॅलिब्रेशन स्वतःच्या हाताने कर, मुलाखतीत हेच विचारतात.

पुढे गेट, म्हणजे एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा, दे, ईसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) पेपर. गेटवर एमटेकला महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड असतो, वडिलांना हा आकडा सांग, शिक्षणाचा भार किती हलका होतो ते त्यांना लगेच कळेल. आयआयटी मुंबई आहे, इंदूर तर आपल्याला जवळच. इंटर्नशिपसाठी मुंबईचं समीर (सरकारी संशोधन संस्था) आणि अहमदाबादचं इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर, दोन्हीकडे मायक्रोवेव्हचं काम चालतं, आणि अहमदाबादला अमळनेरहून सुरतमार्गे गाडी आहे. सहाव्या सेमिस्टरच्या आत एचओडींचं पत्र घेऊन दोन्हीकडे अर्ज टाक, आणि ग्राफ झाला की मला पाठव, मी बघते.