तिघांना एकच इतिहास

ताई, वेगवेगळ्या वयाच्या तीन मुलांना एकत्र इतिहास कसा शिकवायचा, असं विचारलंत. तिघांसाठी तीन पुस्तकं काढू नका. साताऱ्यातच आहात, तर अजिंक्यतारा किल्ल्याचाच विषय घ्या. १६९९-१७०० चा औरंगजेबाचा वेढा, प्रयागजी प्रभूंनी लढवलेला किल्ला, सुरुंग उलटून मोगलांचेच सैनिक गाडले गेले, हे आधी तोंडी सांगा, शक्यतो गडावर उभं राहून. मग धाकट्याने मातीचा तट करावा. मोठीने १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच का झाला ते शोधावं.

मधल्याचं मराठी कच्चं म्हणून त्याला धाकट्याबरोबर मात्र अजिबात बसवू नका. त्याची समज वयाप्रमाणेच आहे, तो अडतो फक्त शब्दांवर. वेढा, बुरूज, सुरुंग असे मोजके शब्द आधी चित्रातून दाखवा आणि उत्तर त्याला इंग्रजीत देऊ द्या. सनावळ्या पाठ करून घेऊ नका, त्या चिठ्ठ्यांवर लिहून दोरीवर चिमट्याने क्रमाने लावा.