रेकॉर्डरनं ऐकलेला पक्षी खरंच तिथं होता का?

तुम्ही विचारलंय, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात पक्ष्यांची नोंद करायला ऑडिओमॉथ (रानात लावून ठेवायची छोटी रेकॉर्डिंग यंत्रं) किती घ्यावेत आणि बर्डनेटनं (आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या संगणक प्रणालीनं) काढलेली यादी तशीच वापरावी का.

यादीचं आधी. तशीच अजिबात नको. बर्डनेट ३-३ सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाला नाव आणि ० ते १ मधला गुण देतं. ०.८ आला म्हणजे ८० टक्के खात्री झाली, असं नसतं. गेल्या हिवाळ्यात माझ्या यादीत एकाच ओढ्याकाठी दहा मिनिटांत शिक्रा, सर्पगरुड आणि सातभाई आले. मी खूश! हेडफोन लावून ऐकलं, तर तिन्ही आवाज एका दमात, एकाला एक जोडलेले, आणि मधेच धातूवर टिचकी मारल्यासारखी किणकिण. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याच झाडाखाली जाऊन उभा राहिलो. वर शेपटीच्या दोन पताका हलवत भृंगराज बसलेला. नकला करण्यात त्याचा हात कोण धरणार! म्हणून प्रत्येक जातीचे वीस-तीस तुकडे तरी स्वतःच्या कानांनी तपासा.

यंत्रं चार पुरेत. दोघांत निदान ३०० मीटर अंतर ठेवा, आणि तरी मलबारी राखी धनेशाचं खिदळणं दोन्हींत येईल हे धरून चाला. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) तासाला साधारण ३४५ एमबी जागा जाते. दिवसरात्र चालू ठेवलंत तर ३२ जीबीचं कार्ड चार दिवसही पुरत नाही. पहाटेचे तीन तासच घेतलेत तर महिना निघतो.

यंत्राचं घड्याळ मात्र नीट बघा. सेटिंग बदललं नाही तर ते जागतिक वेळ धरतं, आपण साडेपाच तास पुढं. मी पहिल्यांदा सकाळचे ६ टाकले आणि रेकॉर्डिंग सुरू झालं साडेअकराला. आठवडाभर नुसती सिकाडा किड्यांची किरकिर.

किती पक्षी आहेत हे यातून कळत नाही. दहा हाका एकट्याच्याही असतात. आणि ऐकू आला नाही म्हणजे नाहीच, असंही नव्हे. शीळकरी कस्तूर पावसाळ्यात माणसासारखी शीळ घालतो, जानेवारीत ती शोधत बसू नका. पावसात यंत्र लावलंत तर त्याच्या पिशवीवरच्या थेंबांचा ताशा सगळं बुडवतो, तेव्हा उघडिपीचे तुकडेच वापरा.

त्याच भागातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं वनखात्याची लेखी परवानगी हवीच. आसपासच्या गावांतही सांगून ठेवा. माझ्या एका फाइलीत दोन गुराखी म्हशीच्या किमतीवरून वाद घालताहेत, भाव ठरेपर्यंत. असलं काही सापडलं की पुसून टाका.