जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरची सॉफ्टवेअर नक्कल खरोखर मूळ वाद्यासारखी वाजते का?

आता बरीच जवळ पोहोचली आहे, आणि याचं श्रेय मुख्यतः फिल्टरवर, म्हणजे आवाजातल्या काही फ्रीक्वेन्सी गाळणाऱ्या भागावर, झालेल्या कामाला द्यायला हवं.

१९७० च्या मिनीमूग या सिंथेसायझरचंच उदाहरण घ्या. त्याच्या फिल्टरमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीसारख्या एकावर एक रचलेल्या आहेत आणि शेवटच्या पायरीवरचा सिग्नल परत सुरुवातीला येतो. सर्किटमध्ये हे तत्क्षणी घडतं. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र परत येणारा सिग्नल एका सॅम्पलने, म्हणजे डिजिटल आवाजाच्या एका सूक्ष्म तुकड्याने, उशिरा यायचा. उशीर इवलासा, पण रेझोनन्स (फिल्टरच्या कडेवरची फ्रीक्वेन्सी उठावदार करणारी सोय) वाढवला की फिल्टरचा सूर ढळायचा. आता प्रत्येक सॅम्पलला त्या सर्किटची समीकरणंच सोडवतात, म्हणून तो उशीर उरत नाही. प्रोसेसरवर ताण येतो, पण माझ्या मते तो सोसण्यासारखा आहे. यू-ही कंपनीचं दिवा (Diva) हे सॉफ्टवेअर सिंथेसायझर याच पद्धतीने चालतं.

एखादी नक्कल स्वतः पारखायची असेल तर सॉटूथ वेव्ह (करवतीच्या दातांसारख्या आकाराची लहर) लावा, फिल्टर पूर्ण उघडा आणि सर्वात वरच्या सप्तकात पिच हळूहळू चढवत न्या. सूर चढत असताना मागे उलट उतरणारी बारीक शीळ ऐकू आली, तर ते एलियासिंग, म्हणजे डिजिटल आवाजात न मावणाऱ्या फार उंच फ्रीक्वेन्सी खाली परतून येणं. खऱ्या ॲनालॉग वाद्यात ते होतच नाही.

एकाच वेळी वाजणाऱ्या प्रत्येक सुराच्या ट्यूनिंगमधला किंचित फरकही आता मुद्दाम घालतात. प्रॉफेट-५ सारख्या पॉलिफोनिक (एकावेळी अनेक सूर वाजवणाऱ्या) वाद्याची ऊब बरीचशी त्यातूनच येते. सुरुवात फुकटात करायची असेल तर ओबरहाइम कंपनीच्या जुन्या सिंथेसायझरच्या धर्तीवरचं ओबी-एक्सडी (OB-Xd) हे सॉफ्टवेअर घ्या. मला ते मनापासून आवडतं.