‘मी जीडी, माझ्या हाताला ट्रेड नाही’

प्रश्न : जय हिंद साहेब. मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं नोकरी करून चार महिन्यांपूर्वी हवालदार म्हणून पेन्शन आलो. वय ३७, शिक्षण बारावी. मी जीडी (जनरल ड्युटीचा शिपाई), माझ्या हाताला ट्रेड (तांत्रिक काम) नाही. शेवटची तीन वर्षं पलटणीतल्या आमच्या कंपनीच्या (तुकडीच्या) स्टोअरचा हिशोब बघत होतो, एवढंच. जवळच्या एका कारखान्यात गार्डची बारा तासांची ड्युटी मिळते आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स ६८ टक्क्यांनी पास झाली, तिला बी.फार्म करायचंय. मुलगा दहावी झाला, तो म्हणतो, आयटीआय नको, अग्निवीरच होणार. आधी कोणाचं बघू?
– एक माजी हवालदार, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : जय हिंद हवालदारसाहेब. आधी मुलीचं बघा, कारण तिथे तारीख आहे.

केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती जवान किंवा जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) म्हणून निवृत्त झालेल्यांच्या मुलांसाठी आहे. बी.फार्म, इंजिनियरिंग, एमबीबीएस, बी.एड. अशा व्यावसायिक पदवीला ती मिळते, बारावीला ६० टक्के लागतात. मुलींना महिन्याला ३,००० रुपये, मुलांना २,५००. देशभरात वर्षाला ५,५०० जागा, त्यातल्या निम्म्या मुलींच्या. अर्ज पहिल्या वर्षीच करायचा. ते वर्ष हुकलं की पुढे कितीही मार्क पडोत, दार बंद. माझ्या घरी हे घडलंय, ते शेवटी सांगतो.

आता तुमचं. ‘हाताला ट्रेड नाही’ हे वाक्य मला बऱ्याच पत्रांत दिसतं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. स्टोअरचं तुम्ही ‘एवढंच’ म्हणून लिहिलंत. शंभरावर माणसांच्या कंपनीचं सामान तीन वर्षं लेजरवर धरलंत, ऑडिटला एकेक ब्लँकेट मोजून दिलंत, चार्ज देताना सगळं जुळवून दिलंत. सिव्हिलमध्ये यालाच स्टोअरकीपरचं काम म्हणतात. कमी आहे ती कॉम्प्युटरची. एमएस-सीआयटी करा, मग टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शिका. सहा महिन्यांत दोन्ही होईल.

दुसरी गोष्ट बऱ्याच फौजींना ठाऊकच नसते. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेला माजी सैनिक केंद्राच्या गट ‘क’च्या बिगर-तांत्रिक पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरला जातो. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीतही हे चालतं आणि तिथे माजी सैनिकांना साडेचौदा टक्के जागा आहेत. वयाचं म्हणाल तर सेवेची वर्षं वजा होतात, वर तीन वर्षांची सूट. क्लार्कची मर्यादा २८ची. तुमचे ३७ वजा १७, म्हणजे तुम्ही त्यांच्या लेखी वीस वर्षांचे. गणित आणि इंग्रजीची तयारी मात्र रोज करावी लागेल, तिथे सवलतीचा उपयोग नाही.

गार्डची नोकरी वाईट म्हणत नाही. मी स्वतः ती दोन वर्षं केली. पण बारा तास उभं राहून आल्यावर पुस्तक उघडलं जात नाही, हे अनुभवाने सांगतो. पेन्शन चालू आहे. घर त्यावर वर्षभर निघत असेल तर ते वर्ष अभ्यासाला द्या. नाहीच निघालं तर आठ तासांची ड्युटी शोधा, पगार कमी असला तरी.

जे अजून पलटणीत आहेत त्यांना इथेच सांगून ठेवतो : पेन्शनच्या आधीचा रिसेटलमेंट कोर्स सोडू नका. पुनर्वास महासंचालनालयाचे हे कोर्स २४ आठवड्यांपर्यंतचे असतात आणि जवान-जेसीओंची पूर्ण फी सरकार भरतं. मी तेव्हा घर बांधायला सुट्टी घेतली आणि कोर्स सोडला. घर आणखी एक वर्ष थांबलं असतं.

मुलाला रागावू नका. बापाचा गणवेश बघत वाढलेलं पोर आहे. पण त्याला समोर बसवून नीट समजवा : अग्निवीराची सेवा चार वर्षांची, त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते, पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर तुम्हाला सांगितलेल्या सवलती त्याने धरून चालायच्या नाहीत. तसाही भरतीला साडेसतरा वर्षं पूर्ण लागतात, तो आत्ता सोळाचा असेल. मधला काळ नुसता रस्त्यावर पळण्यात घालवण्यापेक्षा आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर घेऊ दे. दोन वर्षांचा ट्रेड आहे. पहाटे पळेल, दिवसा वर्कशॉपमध्ये असेल. अग्निवीर टेक्निकलच्या भरतीत आयटीआयचे बोनस गुण मिळतात. भरती नाही झाली तर १९६१च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप आहेच, शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. आणि भरती झाली, चार वर्षांनी बाहेर आला, तर तेविशीतल्या त्या पोराच्या हातात ट्रेड असेल. तुम्हाला जे वाक्य लिहावं लागलं ते त्याला लिहावं लागणार नाही.

आता माझ्या घरचं. थोरलीच्या वेळी अर्ज वेळेत भरला होता. पण पलटणीच्या रेकॉर्डमध्ये तिचं घरातलं नाव लागलं होतं आणि मार्कशीटवर शाळेतलं. पार्ट टू ऑर्डर (घरच्यांची नोंद करणारा पलटणीचा आदेश) दुरुस्त होऊन येईपर्यंत मुदत गेली. माझ्या सहीची चूक, तिच्या चार वर्षांच्या शिष्यवृत्तीवर पाणी. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

म्हणून आज रात्रीच तुमचं डिस्चार्ज बुक आणि मुलीची मार्कशीट शेजारी ठेवा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, एकेक अक्षर ताडून बघा. कान्यामात्रेचा फरक दिसला तरी सकाळी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. मग साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. चार महिने झाले, तिथे तुमची नोंदणी झाली नसेल तर तीही त्याच फेरीत करून घ्या. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) आणि फोटो बरोबर न्या, मुलीलाही न्या. अर्ज तिलाच भरू द्या.